४२ दिवसांचं ड्रेसिंग

जखम उसवली ती सातव्या दिवशी. सकाळच्या राउंडला चादर बाजूला केली, तर पट्टी पिवळसर पाण्यानं भिजून जड झाली होती. बेंबीखालचे चार टाके सुटले होते आणि फटीतून आतली चरबी दिसत होती. बाईंनी जखमेकडं पाहिलं नाही, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. "लई बिघडलंय का वो, म्याडम?"

"नाही मावशी, होईल बरं," मी म्हणाले. बरं झालंही. त्याला ४२ दिवस लागले.

ही गोष्ट २००९च्या फेब्रुवारीतली. मुंबईतलं शिक्षण संपवून मी सोलापूरला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. बाई मंगळवेढ्याकडच्या, काळ्या रानात ज्वारी पिकवणाऱ्या घरातल्या. वय ५८, वजन ९८ किलो, दहा वर्षांपासून साखर. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं होतं. तपासणीत पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आजार पिशवीबाहेर गेल्याची खूण कुठं नव्हती. म्हणजे सुरुवातीचा, ऑपरेशननं बरा होण्यासारखा.

मी ऑपरेशन शिकवल्याप्रमाणं चोख केलं. ओटीपोटापासून बेंबीच्या वरपर्यंत उभा छेद घेतला. पिशवी, दोन्ही बाजूंच्या नळ्या, अंडाशय आणि लसिकाग्रंथी काढल्या. रक्त फारसं गेलं नाही. बाहेर येऊन मुलाला सांगितलं, "कॅन्सर सगळा निघाला." तो खरंच निघाला होता. पण जिथं कॅन्सर कधी नव्हताच, त्या पोटाच्या भिंतीनं पुढचे दीड महिने तिला खाटेवरून उठू दिलं नाही.

त्या भिंतीत चरबीचा थर चांगला चार बोटं होता. चरबीला रक्ताचा पुरवठा मुळात कमी. त्यात साखर वाढलेली, आणि वरून पोटाचा भार सतत खाली ओढणारा. अशी जखम जुळून यायला सगळंच प्रतिकूल असतं. रोज सकाळी जुन्या पट्ट्या काढायच्या, सलाइननं धुवायचं, मेलेला भाग कापायचा, नव्या पट्ट्या भरायच्या. पहिले काही दिवस हे काम मी कुणाला करू दिलं नाही. ती एका हातानं खाटेची लोखंडी कड धरायची आणि दुसऱ्या हातानं तोंडात पदर कोंबायची. गावाकडं सुगी चालू होती. मुलगा काढणी अर्धी टाकून व्हरांड्यात बसून असायचा.

दरम्यान पिशवीचा रिपोर्ट आला. आजार भिंतीच्या निम्म्याहून खोल गेला होता, म्हणजे ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायला हवं होतं. आमच्याकडं लोक त्याला 'शेक' म्हणतात. हा शेक सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावा अशी धडपड असते. पण उघड्या जखमेवर शेक कसा देणार? तिचा शेक सुरू व्हायला दहावा आठवडा उजाडला. ते सगळे आठवडे मी फार अस्वस्थ होते. कॅन्सरनं घेतलेला उशीर आम्हाला परिचयाचा असतो. हा उशीर माझ्या छेदानं केला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे छापून आले. त्याला आमच्या क्षेत्रात 'लॅप टू' म्हणतात. २,६१६ बायका, सगळ्यांना सुरुवातीचा पिशवीचा कॅन्सर. दोन तृतीयांश बायकांचं ऑपरेशन दुर्बिणीतून, बाकीच्यांचं पोट उघडून. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे डॉक्टरच्या आवडीनिवडीला जागाच नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला वेळ जास्त लागला, साधारण २०४ मिनिटं, उघड्याला १३०. पण ऑपरेशननंतरचे मध्यम ते गंभीर त्रास दुर्बिणीच्या गटात शंभरांतल्या १४ जणींना झाले, उघड्या गटात २१ जणींना. दोन दिवसांहून जास्त दवाखान्यात राहावं लागलेल्या बायका दुर्बिणीच्या गटात ५२ टक्के होत्या, उघड्या गटात ९४.

हा लेख मी वाचला तेव्हा ती बाई शेक संपवून गावी गेली होती. ते १४ आणि २१ मला कागदावरचे आकडे वाटेचनात. त्यांतली एक पोटाची जखम मी रोज धुतली होती.

या आजाराचं एक क्रूर गणित आहे. पाळी गेल्यावर अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं, पण शरीरातली चरबी ते बनवतच राहते. जितकी चरबी जास्त, तितकं ते जास्त. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसलेलं हे इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं अस्तराला खत घालत राहतं. म्हणून हा कॅन्सर जाड, साखरेच्या, रक्तदाबाच्या बायकांत जास्त दिसतो. पोटावरचा लांब छेद ज्यांना सगळ्यांत वाईट मानवतो, त्याही याच बायका. आणि माझ्या उमेदवारीच्या काळात "फार जाड आहे, दुर्बिणीतून जमायचं नाही, उघडूनच करू" असं ज्यांच्याबद्दल बोललं जायचं, त्याही याच. सडपातळ बाईला लहान छेद मिळायचा. तो नसता मिळाला तरी ती बहुधा दहाव्या दिवशी बरी होऊन घरी गेली असती.

मी दुर्बीण शिकायचं ठरवलं ते या अस्वस्थतेतून. पिशवी काढायची दुर्बिणीची ऑपरेशनं तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत हॅरी राइक यांनी १९८८ मध्येच ती सुरू केली होती. पण कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं तर हात वेगळा लागतो. घरी एक पेटी आणून ठेवली, आत कॅमेरा, वर पडदा. रात्री जेवणं झाली की त्या पेटीत लांब दांड्याच्या चिमट्यांनी स्पंजावर टाके घालत बसायचे. पडद्यावर खोली दिसत नाही, हाताला स्पर्श कळत नाही. उजवीकडं जायचं तर मनगट डावीकडं न्यावं लागतं. मग सुट्ट्या काढून, जिथं हे रोज होतं तिथं उभं राहून पाहिलं, सहायक म्हणून कॅमेरा धरला. पहिल्या काही केसेसना मला चार तासांच्या वर लागले. आमचे भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी घड्याळाकडं पाहून मग माझ्याकडं पाहायचे, पण एकदाही "आता उघडा" म्हणाले नाहीत. त्या धीराचं ऋण मला आहे.

२०१५ मधली एक बाई मला सगळ्यांत स्पष्ट आठवते. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, चाळीसेक वर्षं विड्या वळलेली. वय ६३, वजन ९१. पाळी जाऊन ११ वर्षं झालेली आणि तीन महिन्यांपासून अंगावर जात होतं. तीन महिने का थांबलात, असं विचारलं तर खाली बघून म्हणाली, "पाळी परत आली वाटलं. कुणाला सांगायचं या वयात?" विटाळ समजून तिनं मार्कंडेयाच्या देवळात जाणं बंद केलं होतं. सुनेला वाटलं, सासूचे गुडघे दुखतात म्हणून जात नाहीत. हे मी कितीदा ऐकलं आहे, सांगता येत नाही. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, एकदाच गेलं, डागापुरतं गेलं, तरी ती पाळी नसते. अशा रक्तस्रावामागं दर वेळी कॅन्सर असतो असं नाही. बहुतेक वेळा नसतो. पण या कॅन्सरच्या बहुतेक बायका याच एका लक्षणानं आमच्यापर्यंत येतात, आणि आजार पिशवीतच असताना येतात. शरीर इतक्या लवकर हाक मारतं असे कॅन्सर फार थोडे. ती हाक लाजेपायी तीन-तीन महिने दाबली जाते याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

निदान सांगितल्यावर तिनं मरणाबद्दल काही विचारलं नाही. "पोट फाडणार का दुर्बिणीचं?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "विडीला कधी बसू?" विडी वळणारी बाई मांडी घालून बसते, पुढ्यात सूप, त्यात पान आणि तंबाखू. कमरेतून वाकून तासन् तास बसायचं. हजार विड्यांवर मजुरी. बेंबीच्या वरपर्यंत फाडलेल्या पोटानं त्या सुपावर वाकायला किती दिवस लागतील, हे तिनं बरोबर हेरलं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बिल जास्त येतं, कारण हत्यारं महाग. पण हे बिल मांडताना आम्ही सुपापुढचे गेलेले दिवस कधी धरत नाही. ती धरत होती.

जाड बाईचं पोट उघडून ऑपरेशन करणं म्हणजे खोल, अरुंद विहिरीच्या काठावर उभं राहून तळाशी काम करणं. चरबी दोन्ही बाजूंनी आत कलते, सहायकाचे हात ती ओढून धरून थकतात, उजेड तळापर्यंत पोचत नाही. दुर्बीण दिवा घेऊन थेट तळाशी उतरते. हे मला त्या ऑपरेशनात पहिल्यांदा नीट उमगलं. बेंबीतून सुई गेली, कार्बन डायऑक्साइड भरला, पोट तंबूसारखं वर आलं. टेबल डोक्याकडून खाली झुकवलं तशी आतडी हळूहळू छातीकडं सरकली आणि पडद्यावर पिशवी दिसली: गुलाबी, गुळगुळीत, बाहेरून बघणाऱ्याला कॅन्सरची शंकाही येऊ नये अशी.

सगळ्यांत आधी नळ्या बंद केल्या, म्हणजे हाताळताना आतल्या पेशी पोटात सांडायला नकोत. मग मूत्रवाहिनी शोधली. ती पांढुरकी असते आणि गांडुळासारखी मधूनच सरकते. ती हलताना दिसल्याशिवाय मी पुढं जात नाही. मग रक्तवाहिन्या, मग योनीच्या वरच्या कडेनं गोल छेद. पिशवी खालून, बाळ येतं त्याच वाटेनं, अख्खी बाहेर आली. अख्खी या शब्दाला इथं फार वजन आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनांत मोठी पिशवी यंत्रानं आतल्या आत बारीक करून काढायची पद्धत होती. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या यंत्राबद्दल इशारा दिला, कारण गाठ समजून बारीक केलेल्या काही पिशव्यांत कॅन्सर दडलेला असतो आणि त्याचे कण पोटभर पसरतात. कॅन्सर माहीत असताना तर तो विचारही करायचा नसतो. पिशवी खालून अख्खी येणार नाही असं दिसलं, तर ती काढण्यापुरतं पोट उघडायचं.

बाहेर नातेवाइकांना ट्रेमधून पिशवी दाखवायची आमच्याकडं रीत आहे. तिच्या नणंदेनं ट्रेकडं पाहिलं, मग आत जाऊन पोटावरच्या चार छोट्या पट्ट्या पाहून आली आणि मला विचारलं, "एवढ्या भोकातनं एवढं कसं आलं?" मी वाट सांगितल्यावर तिनं तोंडाला पदर लावला.

तिसऱ्या दिवशी बाई घरी गेली. रिपोर्ट चांगला होता, शेकाची गरज नव्हती. बाराव्या दिवशी दाखवायला आली तेव्हा बोटांना तंबाखूचा वास होता. जड उचलायचं नाही, सहा आठवडे जपायचं, हे मी पुन्हा बजावलं. "उचलत न्हाई, नुसती बसते," ती म्हणाली. सुपावर बसायला ती आठवड्यातच लागली होती.

इथं थांबले असते तर ही फक्त लहान छेदाच्या कौतुकाची गोष्ट झाली असती. तशी ती नाही.

२०१८च्या नोव्हेंबरात न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दुसरा एक अभ्यास आला. तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या. ६३१ बायका, तशाच चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. साडेचार वर्षांनी पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी ९६.५ टक्के बायका आजारमुक्त होत्या. दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के. मी तो आकडा वाचला, परत वाचला, आणि खुर्चीतून उठवेना. कारण हात बसल्यावर मी मुखाच्या कॅन्सरची ऑपरेशनंही दुर्बिणीतून करायला लागले होते. इथं चांगलं ते तिथंही चांगलंच असणार, असं मीच काय, जगभरचे सर्जन धरून चालले होते.

त्या रात्री रजिस्टर काढलं. नऊ नावं निघाली. आठवडाभरात नऊही घरी फोन केले, तपासणीला बोलावलं. आठ जणी ठीक होत्या. एकीचा आजार आधीच उलटला होता, ते मला माहीत होतं. तिचे उपचार चालू होते. पोट उघडून केलं असतं तर तिचा आजार उलटला नसता का? एका बाईपुरतं याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. मी तिला मात्र सगळं सांगितलं: नवीन माहिती काय आली आहे, तेव्हा आम्हाला काय ठाऊक होतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुमी सांगितलं ते बरं केलं." त्यानंतर मुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मी पोट उघडूनच करते.

पण त्याच आठवड्यात यादीवर पिशवीच्या कॅन्सरची एक बाई होती, दुर्बिणीतून करायची ठरलेली. मला झोप लागेना. एकीकडं फसलो, तर दुसरीकडं कशावरून नाही? सगळे कागद पुन्हा काढले. लॅप टूचा पुढचा अहवाल २०१२ मध्ये आला होता: तीन वर्षांत आजार उलटलेल्या दुर्बिणीच्या गटात ११.४ टक्के, उघड्या गटात १०.२, पाच वर्षांनी जिवंत असलेल्या दोन्हींकडं ८९.८ टक्के. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या ७६० बायकांचा 'लेस' हा अभ्यास २०१७ मध्ये पूर्ण झाला होता: साडेचार वर्षांनी आजारमुक्त, उघड्या गटात ८१.३ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८१.६. त्या रात्री मला सगळ्यांत जास्त आधार वाटला तो एका नावाचा. लेस अभ्यास उभा करणारे ब्रिस्बेनचे आंद्रेआस ओबरमेअर, आणि मुखाच्या कॅन्सरच्या त्या धक्कादायक अभ्यासाच्या लेखकांतही तेच. म्हणजे दुर्बीण पिशवीला चालते हे दाखवणारा माणूस, ती मुखाला चालत नाही हे सांगतानाही मागं हटला नव्हता.

दोन्ही आजार दोन बोटांच्या अंतरावरचे. पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला जाड स्नायूच्या भिंतीआड बंद असतो. मुखाचा योनीच्या टोकाला उघडा असतो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात गर्भाशय हलवायचं हत्यार नेमकं तिथंच लागतं. फरकाचं एक कारण हे असावं असं अनेक जण मानतात. मी त्या बाईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणं दुर्बिणीतून केलं. हात मात्र आधीपेक्षा सावकाश चालला, आणि तो तसाच राहिला आहे.

आणखी एक सांगायला हवं. लॅप टूमध्ये दुर्बिणीतून सुरू केलेल्या शंभरांतल्या जवळपास २६ बायकांचं पोट शेवटी उघडावं लागलं होतं. वजन वाढेल तसं हे प्रमाण वाढत गेलं. अतिस्थूल बायकांत ते निम्म्याच्या वर गेलं. माझ्याकडंही असं झालं आहे. ११८ किलो वजनाची एक बाई, डोकं खाली केलं की फुप्फुसांवर एवढा दाब यायचा की श्वासाच्या यंत्राचा इशारा वाजायला लागायचा. टेबल थोडं सरळ केलं, गॅसचा दाब कमी केला, पुन्हा प्रयत्न केला. भूलतज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, आता नको." मी चिमटे काढले आणि सुरी मागितली. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी ओटीच्या रजिस्टरमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'दुर्बीण फेल'. मी ते खोडून 'दुर्बीण, नंतर उघडं' असं लिहिलं आणि सिस्टरना समजावलं की यापुढं असंच लिहायचं. ज्या दिवशी पोट उघडणं ही हार वाटेल, त्या दिवशी सर्जन पडद्याला चिकटून बसेल आणि किंमत टेबलावरची बाई मोजेल. प्रत्येकीचा प्रयत्न दुर्बिणीतून करायचा, आणि प्रत्येकीच्या वेळी सुरी तयार ठेवायची, एवढं मी पाळते.

गेल्या महिन्यात मंगळवेढ्याची ती बाई आली. आता तिचं वय ७३. कॅन्सर परत आलेला नाही. जुन्या व्रणाच्या जागी हर्निया झाला आहे, पट्टा लावून ती चालवून घेते. पण ती स्वतःसाठी आली नव्हती. मागं तिची धाकटी बहीण उभी होती, वय ६६, अंगानं थोरलीसारखीच, पदराचं टोक बोटांत गुंडाळत. तिलाही अंगावरून जात होतं. तपासणी झाली, निदान तेच, आजार पिशवीतच.

मी आईबद्दल विचारलं. "पोटात गाठ हून गेली," थोरली म्हणाली, "चाळिशीतच." मोठा भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला होता. हे २००९ मध्ये मी विचारलं नव्हतं. धाकटीच्या तुकड्याची आनुवंशिकतेच्या दृष्टीनं तपासणी लिहून दिली आणि दोघींच्या मुला-मुलींना भेटायला बोलावलं.

ऑपरेशनचं बोलायला लागले तशी थोरली उठली, दार लोटलं आणि पोटावरचं लुगडं बाजूला केलं. बेंबीभोवती वळसा घेऊन गेलेला, मधे खोल खचलेला तो व्रण. "बघ, हे असं झालतं," ती बहिणीला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता. "म्याडम, हिला ह्ये नको. हिचं दुर्बिणीचं करा."

"सुरुवात दुर्बिणीनंच करणार," मी म्हणाले. "पण आत गेल्यावर धोका दिसला, तर पोट उघडीन. ते आधीच सांगते. आणि त्याआधी साखर खाली आणायची."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. जास्त थांबायचं नाही."

धाकटीनं इतका वेळ एक शब्द काढला नव्हता. तिनं संमतीचा कागद पुढं ओढला, कुठं सही करायची ते विचारलं, आणि अक्षर लावत लावत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.